पहिली बाबागाडी घेताना
अगं, महागड्या बाबागाडीच्या मागे लागू नकोस. पहिले सहा महिने बाळाची मान-पाठ पक्की नसते, म्हणून पाठ पूर्ण आडवी होणारीच बघ. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी बाळ नीट बसायला लागल्यावर. आपल्याकडे फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक उचकटलेले असतात, त्यात छोटी प्लास्टिकची चाकं अडकतात. मोठी चाकं हवीत. लिफ्टच्या दाराचं माप घेऊनच दुकानात जा. जुनी मिळाली तर बिनधास्त घे, फक्त ब्रेक लावून उतारावर रिकामी ढकलून बघ आणि खांदे, कंबर, पायांमध्ये अडकणारा पट्टा जोरात ओढून तपास. मळलेलं कापड धुता येतं, बक्कल तुटलेलं असेल तर सोडून दे. आणि उन्हात गाडीवर दुपटं टाकून झाकू नकोस हं, आत फार उकडतं.