परदेशातल्यासारखा ससा पुण्यात पाळता येईल का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये ससे बागेत दिसतात, अमेरिकेत घरभर फिरतात, मग पुण्यात काय करावं? घरातच ठेवा, त्यातही सर्वांत गार खोलीत.

इंग्लंडात हवा थंड, म्हणून बागेतल्या लाकडी खुराड्याची जुनी पद्धत. आता तिथल्या संस्था जोडीसाठी निदान 3 बाय 2 मीटर जागा हवी म्हणतात. मिक्सोमॅटोसिस या डासांमधूनही पसरणाऱ्या, सशांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारावरची लसही देतात. ऑस्ट्रेलियात मात्र पाळीव सशाला ती लस देता येत नाही, कारण रानटी ससे आटोक्यात आणायला 1950 मध्ये तिथे तोच विषाणू सोडला गेला. मालक बिचारे डास येऊ नयेत म्हणून पिंजऱ्याला जाळी लावतात. मला हा पाळीव सशांवर अन्यायच वाटतो. तिथल्या क्वीन्सलंड राज्यात तर घरी ससा पाळणंच बेकायदा आहे.

आपल्याकडे खरा शत्रू ऊन. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांवाटे बाहेर पडते. पारा तिशीपार गेला की बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा. तो तिला टेकून पसरतो. कान तापलेले, तोंड उघडं आणि धाप लागली असेल तर कान साध्या गार पाण्याने पुसा (बर्फ नको) आणि लगेच डॉक्टर गाठा.

खाणं मात्र सगळीकडे एकच: गवत. महागडं टिमोथी (परदेशी सुकं गवत) परवडत नसेल तर स्वच्छ धुतलेली, फवारणी नसलेली हरळी भरपूर द्या. लसूणघास (ल्युसर्न नावाचा चारा) पिल्लांपुरता, मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. दूध-पोळी अजिबात नको.