'औट' म्हणजे 'आऊट' नव्हे!

बार्शीच्या एका वाचकाने विचारलं आहे: "पणजोबांच्या १९०८ सालच्या रोजनिशीत 'खासगी शिकवणीत औटकी पुरी झाली' असं वाक्य आहे. खासगी बरोबर की खाजगी? त्या काळची खासगी शिकवणी म्हणजे नेमकं काय? आणि औटकी पुरी होणं म्हणजे शाळेतून आऊट होणं का?"

शेवटच्या प्रश्नाबद्दल वाचकाला बोल लावण्यात अर्थ नाही. बातम्यांत, भाषणांत, निवडणुकीच्या चर्चांत 'आऊट घटकेचं सरकार' इतक्या वेळा कानावर आदळतं की कोणाचाही असाच समज व्हावा. वर अर्थही सांगितला जातो, की हे सरकार लवकरच आऊट होणार, म्हणून आऊट घटकेचं! साफ चूक आहे ही. शब्द 'औट' आहे आणि औट म्हणजे साडेतीन. घटका २४ मिनिटांची, म्हणजे औट घटका ८४ मिनिटांची झाली. जेमतेम दीड तासही न टिकणारं राज्य ते औट घटकेचं राज्य. मराठीत क्रिकेट यायच्या कितीतरी आधीपासून हा शब्द आहे.

खासगी-खाजगीचं आधी उरकून टाकतो. शब्द फारसीतून आलेला, मुळात अरबी 'खास'. मूळ रूप खासगी. होळकरांकडे राज्याच्या महसुलाला 'दौलत' आणि राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाला 'खासगी' म्हणत, दोन्हींचे हिशेब वेगळे असत. पण म्हणून 'खाजगी' चूक ठरत नाही. पुढे घोष, म्हणजे कंठात नाद करून उच्चारला जाणारा, 'ग' आला की बोलण्याच्या ओघात आधीचा 'स'ही घोष होतो आणि 'जागा'तल्या 'ज'पाशी जाऊन थांबतो. हा उच्चाराचा नियम आहे, त्यात अडाणीपणा नाही. 'खाजगी'वर लाल रेघ ओढणाऱ्या मुद्रितशोधकांनी 'खासगी' हा शब्द भरभर दहा वेळा म्हणून पाहावा आणि मग बोलावं.

आता शिकवणी. १९०८ साली 'खासगी' हे विशेषण दोन अगदी निराळ्या गोष्टींना लागत असे. एक, सरकारने न काढलेल्या इंग्रजी शाळा. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी १८८० साली पुण्यात काढलेलं न्यू इंग्लिश स्कूल हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. दुसरी, पंतोजीच्या ओटीवरची किंवा घरी येणाऱ्या मास्तरांची शिकवणी. रोजनिशीतली शिकवणी ही दुसरी असणार, 'औटकी', म्हणजे साडेतीनचा पाढा, हा शब्दच ते सांगतो. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, बोरूने मोडी घोटायची आणि दिवेलागणीला उभं राहून एका सुरात परवचा, म्हणजे पाढ्यांची रोजची उजळणी, म्हणायचा. अष्टमी, पौर्णिमा, अमावास्येला सुट्टी, सणासुदीला पंतोजींकडे शिधा. ही ओटी सगळ्यांना खुली नव्हती, हेही इथेच सांगायला हवं. कोणत्या घरची मुलं वर बसायची आणि कोणाला अंगणातही थारा नव्हता, हे सर्वांना ठाऊक आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते का करावं लागलं याचं उत्तर त्या ओटीपाशी सापडतं.

या शिकवणीचा कणा म्हणजे अपूर्णांकांचे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. पावकी पावची, निमकी अर्ध्याची, तशी औटकी साडेतीनची. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस अशी ती चढत जाते. याला निव्वळ घोकंपट्टी म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. गूळ साडेतीन आणे शेर, घ्यायचा १८ शेर. औटकी पाठ असलेलं पोर क्षणात '६३ आणे' म्हणणार आणि लगेच पुढे '३ रुपये १५ आणे' सांगणार, कारण ४८ आण्यांचे तीन रुपये होतात हेही त्याला तोंडपाठ. दुकानदाराच्या आणि कुलकर्ण्याच्या पोराला जन्मभर हेच लागणार होतं. औटकी पुरी झाली म्हणजे पाढ्यांची शिडी संपली. पणजोबांनी ते वाक्य रोजनिशीत नोंदवलं, ते अभिमानाने.

पण खरी मौज पुढेच आहे. औट हा संस्कृत 'अर्धचतुर्थ'चा वंशज. अर्धचतुर्थ, प्राकृतात अद्धुट्ठ, जुन्या मराठीत आहुठ, आणि आज औट. अर्धचतुर्थ म्हणजे 'ज्यातलं चौथं अर्धं आहे ते'. तीन अख्खे, चौथा अर्धा, झाले साडेतीन. अडीचही असाच, अर्धतृतीय, अड्ढाइज्ज, अडीच: तिसरा अर्धा. दीडही असाच, दुसरा अर्धा, प्राकृतात दिवड्ढ. जर्मन माणूस आजही साडेतीन वाजले की 'हाल्ब फिअर', म्हणजे 'अर्धे चार', म्हणतो. मोजण्याची हीच रीत. 'साडेतीन'ची रीत निराळी आहे. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. तीन आणि वर अर्धा. म्हणजे एकाच संख्येकडे बघायच्या दोन दृष्टी आपल्याकडे शेजारी शेजारी नांदत होत्या. 'साडे'ने चारच्या पुढचं सगळं व्यापलं आणि औटलाही ढकललं. दीड आणि अडीच मात्र हलले नाहीत. साडेएक किंवा साडेदोन आजही कोणी म्हणत नाही.

आता माझं ठाम मत, आणि ते मी सोडणार नाही. मराठी माणसाचा साडेतीनवर जो जीव आहे, त्याच्या मुळाशी 'साडेतीन' हा शब्द नाहीच, 'औट' आहे. देवीची पीठं घ्या. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण आणि चौथं वणीचं सप्तशृंगी अर्धं. मुहूर्त घ्या. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा पूर्ण आणि चौथा, बलिप्रतिपदा, अर्धा. पेशवाईतले साडेतीन शहाणे घ्या. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे पुरे आणि चौथे नाना फडणीस अर्धे, कारण मुत्सद्देगिरीत अव्वल असले तरी ते तलवारीचे गडी नव्हते. तिन्ही ठिकाणी 'तीन अधिक काहीतरी थोडं' असा हिशेब नाही. प्रत्येक ठिकाणी चौथा आहे, त्याला नाव आहे, जागा आहे आणि तो अर्धा आहे. हा अर्धचतुर्थच झाला, अक्षरशः! देह औट हातांचा, ओंकाराच्या मात्रा औट: अकार, उकार, मकार आणि चौथी अर्धमात्रा. संतांच्या वाणीतून हे औट शतकानुशतकं घरोघर पोचलं. शब्द मागे पडला, पण 'चौथा अर्धा' ही मांडणी मनात रुतून बसली आणि नवी यादी करायची वेळ आली की तीच पुढे येते.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की चतुर्थपासून 'चौथा' झाला, त्यात 'थ' आहे, मग औटमध्ये 'ट' कुठून आला? हा आक्षेप घेणाऱ्यांनी प्राकृताचं व्याकरण वरवर जरी चाळलं असतं तरी पुरे होतं. 'र्' पुढच्या दंत्य वर्णाला (त, थ, द, ध) कधी तसाच ठेवतो, कधी मूर्धन्य (ट, ठ, ड, ढ) करतो. त्याच 'अर्ध'पासून मराठीत 'अर्धा'ही आहे आणि 'अडीच'मधला 'ड'ही आहे. मग 'र्थ'चा एकीकडे 'थ' आणि दुसरीकडे 'ट' झाला तर बिघडलं कुठे? दुसरा आक्षेप असा, की पीठं, मुहूर्त आणि शहाणे हा निव्वळ योगायोग आहे. असं म्हणणाऱ्यांनी मला साडेचारांची किंवा अडीचांची अशी एक तरी यादी दाखवावी, जिच्यात शेवटच्याला नाव आहे आणि तो अर्धा आहे.

शेजारच्या भाषांनीही हा शब्द जपला आहे. हिंदीत साडेतीनचा पाढा 'हूँठा'. गुजरातीत 'ऊठां', आणि तिथे 'ऊठां भणाववां' म्हणजे एखाद्याला बनवणं, उल्लू करणं. साडेतीनच्या पाढ्याने भल्याभल्यांची कशी भंबेरी उडत असे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणे गेले, मग शेर आणि मणही गेले. औटकीचं बाजारातलं काम संपलं आणि हळूहळू ती पाठ्यपुस्तकांतूनही उतरली. उरला तो औट घटकेचा वाक्प्रचार, तोही आता 'आऊट'च्या तोंडी दिला जातो आहे.

बार्शीच्या वाचकांना एक विनंती. त्या रोजनिशीसोबत हिशेबाची किंवा पाढ्यांची एखादी वही असेल तर रद्दीत घालू नका. ती मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्या कोणाकडून औटकीचं पान वाचून घ्या आणि प्रत्येक ओळ जशी लिहिली आहे तशीच, आजची न करता, उतरवून पाठवा. त्यात 'औट' कसा लिहिला आहे, 'ट' आहे की 'ठ', हे मला पाहायचं आहे.