तिसरी घंटा आणि रात्रीचे दहा

वाचकांचे प्रश्न : पुण्यातला शनिवार-रविवार

पुण्यातलं नाटक आणि गाणं यांविषयी या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं शेवटी एकाच गोष्टीपाशी येतात, ती म्हणजे वेळ. प्रयोग कितीला सुरू होतो, किती वाजता सुटतो, माइक कधी बंद करावा लागतो. म्हणून त्यातली पाच पत्रं निवडून उत्तरं थोडी सविस्तर देत आहोत.

साताऱ्याहून ७२ वर्षांच्या आईला घेऊन रविवारी नाटकाला यायचं आहे. तिला कमी ऐकू येतं आणि गुडघे दुखतात. कुठला प्रयोग निवडू आणि जागा कुठली घेऊ? – एक वाचक, सातारा

पुण्यात सुट्टीच्या दिवशी मोठ्या नाट्यगृहांत साधारण तीन प्रयोग लागतात : दुपारी १२.३०, संध्याकाळी ५ किंवा ५.३० आणि रात्री ९.३०. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून सव्वादोन ते अडीच तास चालतं. म्हणजे दुपारचा प्रयोग तीनच्या सुमारास सुटतो आणि रात्रीचा बाराला. तुम्हाला परत साताऱ्याला जायचंय, तेव्हा दुपारचाच घ्या. त्यात आणखी एक फायदा आहे. दिवसातला पहिला प्रयोग सहसा वेळेवर सुरू होतो. तिन्ही वेळा बहुधा तीन वेगळ्या संस्थांकडे असतात, त्यामुळे प्रत्येक वेळी आधीचं नेपथ्य काढून नवं उभं करावं लागतं आणि प्रकाश पुन्हा लावावा लागतो. पहिला प्रयोग वीस मिनिटं लांबला की पुढच्या दोघांची तिसरी घंटा तेवढीच पुढे जाते. मुंबईहून येणारी नाटकाची बस द्रुतगती मार्गावर अडकली तर विचारूच नका.

आता जागा. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली सुरू झालं. खाली-वर मिळून तिथे हजाराच्या आसपास खुर्च्या आहेत. बाल्कनीचं तिकीट स्वस्त असतं, पण जिने चढावे लागतात, म्हणून आईसाठी ते नको. खालच्या मजल्यावर अगदी मागच्या रांगाही टाळा. डोक्यावर बाल्कनीचं छत आलं की आवाज दबतो आणि हळू बोललेली वाक्यं हरवतात. पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावं लागतं. पाचवी ते दहावी रांग आणि त्यातली कडेची खुर्ची मागा. पाय लांब करता येतो, आणि मध्यंतरात सगळी रांग ओलांडावी लागत नाही. कमी ऐकणाऱ्या माणसाला ओठ आणि चेहरा दिसणं फार मदतीचं असतं, हे जागा निवडताना विसरू नका. श्रवणयंत्र असेल तर बॅटरी नवी घाला आणि आवाज नाटक सुरू होण्याआधीच जुळवून घ्या.

तिकीट ऑनलाइन मिळतं, तसंच नाट्यगृहाच्या खिडकीवरही मिळतं. खिडकी सकाळी आणि संध्याकाळी उघडी असते, दुपारी मधे बंद. खिडकीवर प्लॅन समोर ठेवून बोट दाखवून खुर्ची निवडता येते, आणि वयस्कर माणूस बरोबर आहे म्हटलं की तिथली मंडळी आपणहून बरी जागा सुचवतात. पुण्यात कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाच पाठवा. चांगल्या नाटकांची पुढची तिकिटंसुद्धा बऱ्याचदा ५०० रुपयांवर थांबलेली दिसतील. ५०० पर्यंतच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, हे त्याचं एक कारण. निघण्यापूर्वी सकाळच्या वर्तमानपत्रातली जाहिरात पाहा. प्रयोग रद्द झाला असेल किंवा नाट्यगृह बदललं असेल तर ते तिथे कळतं.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये (३० बाय ४० फूट, साधारण ८० माणसं) शास्त्रीय गायनाची बैठक ठरली आहे. मागच्या वेळी माइक सतत शिट्टी मारत होता आणि तबला ऐकूच येत नव्हता. साउंडवाल्याला नेमकं काय सांगायचं? – सांस्कृतिक समिती, कोथरूड

एवढ्या हॉलला जास्त सामान लागत नाही. जास्त आणलं की बिघडतंच. स्टँडवर १२ इंची दोन स्पीकर, कलाकारांसाठी एक किंवा दोन मॉनिटर (स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेले स्पीकर) आणि आठ चॅनलचा मिक्सर, एवढं पुरे. माइक सहा : गायकाला एक, संवादिनीला एक, तबल्याला दोन (दायाँ-बायाँ वेगळे), तानपुऱ्याला एक, निवेदनाला एक. कंडेन्सर माइक असेल तर मिक्सरवरून त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज) द्यावा लागतो. तो सुरू नसला की माइक मुका राहतो आणि सगळे वायर हलवत बसतात.

शिट्टी वाजते ती स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून फिरत राहतो म्हणून. तेव्हा मुख्य स्पीकर गायकाच्या मागे किंवा बाजूला नकोत. ते बैठकीच्या रेषेच्या तीन-चार फूट पुढे, तोंड श्रोत्यांकडे करून ठेवायचे. श्रोते सतरंजीवर असतील तर स्पीकरचा वरचा भोंगा जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर आला पाहिजे, नाहीतर पहिल्या रांगेच्या कानठळ्या बसतात आणि मागच्यांना काही पोचत नाही. गाण्याचे माइक बहुतेक पाठीमागून कमी ऐकणारे असतात, म्हणून मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीशी, म्हणजे गायकाच्या समोर हवा. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की हा गुण जातो आणि शिट्टी लगेच येते. एवढं करूनही एखादा ठरावीक स्वर घुमत असेल तर साउंडवाल्याने इक्वलायझरवर (जाड-बारीक स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) त्या स्वराची तेवढीच पट्टी तीन ते सहा डेसिबलने खाली आणावी. सगळाच आवाज कमी करणं हा उपाय नव्हे.

तबला का ऐकू आला नाही, याचा अंदाज करता येतो : दोन्हींना मिळून एकच माइक मधे ठेवलेला असणार. दायाँचा माइक काठापासून चार-सहा इंच वर, शाईकडे (मधल्या काळ्या गोलाकडे) तोंड करून, हाताच्या वाटेत येणार नाही असा. बायाँचा थोडा लांब, कारण माइक फार जवळ गेला की घुमारा फुगतो आणि मींड (तळहात घासून काढलेला सरकता स्वर) कळेनाशी होते. संवादिनीचा माइक पट्ट्यांच्या वर आठ-दहा इंचांवर, भात्यापासून दूर, म्हणजे भात्याची फटफट येत नाही. गायकाचा हनुवटीच्या किंचित खाली, चार ते सहा इंचांवर.

‘हंऽऽ’ असा सलग आवाज येत असेल तर मिक्सर, स्पीकर आणि कलाकारांची उपकरणं एकाच बोर्डावरून घ्या आणि दिवे दुसऱ्या सर्किटवर टाका. अर्थिंगची पिन काढून ‘हम’ घालवतात, ते अजिबात करू देऊ नका. माइकच्या धातूला हात लागून शॉक बसू शकतो.

फरशी आणि उघड्या भिंतींमुळे रिकामा हॉल फार घुमतो. सतरंज्या आधीच अंथरा, मागच्या भिंतीला जाड पडदा लावा. माणसं आली की घुमारा निम्म्याहून कमी होतो, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये ऐकून फार काटछाट करू नये.

बैठकीची चौरंगवजा जागा आठ बाय बारा फूट, उंची फूट-दीड फूट पुरते. गायकाचा स्वर आठवडाभर आधी विचारा. पुरुष कलाकार बहुधा काळी १ ते काळी २ (संवादिनीच्या काळ्या पट्ट्या) च्या दरम्यान गातात, स्त्रिया काळी ४ किंवा काळी ५ मध्ये. तबलजींना तो कळवला नाही तर ढाल्या (खालच्या) स्वराच्या जागी टिपेचा (उंच स्वराचा) तबला येतो, आणि ऐनवेळी हातोडीने तो एवढा खाली उतरत नाही. एसी लावणार असाल तर तासभर आधी लावा आणि झोत बैठकीवर नको. दमट हवेत पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडून तबला उतरतो, कोरड्या थंड हवेत चढतो. मधेच एसी सुरू केला की दर दहा मिनिटांनी ठोकाठोक सुरू होते आणि बैठकीचा रंग जातो. पंखे बंदच.

शेवटी वेळ. हॉल बंदिस्त असला तरी खिडक्या उघड्या असतील तर आवाज शेजाऱ्यांकडे जाणारच, आणि उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे (पुढचं उत्तर पाहा), म्हणून दहाला आटोपायचंच असं धरून मागून हिशेब करा. भैरवी ९.४० ला. त्याआधी नाट्यगीत, अभंग अर्धा तास. मध्यंतर १५ मिनिटं, चहा जागेवर दिला तरच तेवढ्यात होतं. त्याआधी पहिला राग तासभर, दुसरा पाऊण तास. म्हणजे सुरुवात ७ ला हवी. कार्डावर ६.३० छापा आणि साउंड ५ वाजता लागलेला असू द्या. साउंड तपासताना आधी तानपुरा, मग संवादिनी, मग आवाज, सर्वांत शेवटी तबला.

सवाई गंधर्व महोत्सवाला पहिल्यांदाच जाणार आहे. पूर्वी तिथे रात्रभर गाणं चालायचं म्हणतात. आता मालकंस, दरबारी ऐकायला मिळत नाहीत का? – एक विद्यार्थिनी, लातूर

मिळतात, पण वेळेची जरा ओढाताण झाली आहे. हा महोत्सव १९५३ साली पंडित भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केला, आणि अनेक वर्षं मैफली पहाटेपर्यंत चालत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले आणि उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद झाला. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. दिवस-रात्रीचे प्रत्येकी तीन तासांचे आठ प्रहर मानले, तर संध्याकाळी सातपर्यंत मारवा, पूरिया, श्री, दहापर्यंत यमन, भूप, केदार, हमीर. बागेश्री, मालकंस, दरबारी यांचा खरा प्रहर दहानंतरचा. म्हणून ज्या दिवशी बारापर्यंत परवानगी असेल त्या दिवसाचं तिकीट आधी घ्या. कार्यक्रमपत्रिकेत वेळ छापलेली असते.

या बदलात एक चांगलंही झालं. सत्रं दुपारी सुरू होऊ लागली, त्यामुळे भीमपलास, मुलतानी, पटदीप, सारंगाचे प्रकार त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात. एरवी संध्याकाळच्या मैफलींत हे राग फार मागे पडले होते. पहाटेच्या रागांसाठी मात्र दिवाळी पहाट गाठा. शिकणाऱ्या मुलीने दुपारचं सत्र चुकवू नये असं आमचं मत आहे.

डिसेंबरात सूर्य मावळला की मांडवात गारठा जाणवतो. शाल, पाण्याची बाटली, भारतीय बैठकीचं तिकीट असेल तर छोटी उशी न्या. उठायचं ते राग संपल्यावर, बंदिशीच्या मधे नव्हे.

आमच्या हौशी संस्थेचं तासाभराचं नाटक पुण्यात करायचं आहे. कलाकार पाच. काय तयारी लागेल? – नाट्यसंस्था, सोलापूर

पहिली गोष्ट, लेखकाची लेखी परवानगी आणि प्रयोगागणिक मानधन. लेखक हयात नसला तरी मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. दुसरी, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. संहिता तिथे वेळेत द्या, कारण सभागृह प्रमाणपत्र क्रमांक विचारतं.

पाच जणांच्या नाटकाला मोठं नाट्यगृह घेऊ नका. शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच अशा प्रयोगांसाठीच ओळखलं जातं. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरालाही जाणता प्रेक्षक आहे. १९६३ पासूनच्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेमुळे एकांकिका ऐकायची तिथल्या प्रेक्षकाला सवय आहे. बिनसजावटीचा रंगमंच तो सहज स्वीकारतो, पण पाठांतर कच्चं असलं तर माफ करत नाही.

सर्वांत जास्त फसगत विजेच्या भाराची होते. जुने १००० वॅटचे १२ ‘पार’ (रंगमंचावर झोत टाकणारे दिवे) म्हणजे १२ किलोवॅट, २३० व्होल्टवर ५२ अँपिअर. साध्या १६ अँपिअरच्या एका पॉइंटवर साडेतीन किलोवॅटच्या पुढे जाता येत नाही, मग ऐन प्रवेशात ट्रिप होऊन अंधार. एलईडी पार १५०-२०० वॅटला भागतात. छोट्या जागेत तेच घ्या. चार तासांची वेळ मिळाली तर सामान उतरवून दिवे टांगायला एक तास, नेपथ्य लावून दिव्यांचं फोकसिंग पाऊण तास, मग संवाद गाळून फक्त प्रकाश-ध्वनीच्या खुणांची अर्ध्या तासाची तालीम. ही तालीम कधीही वगळू नका. ब्लॅकआउटमध्ये लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यांच्या) कडा दिसाव्यात म्हणून रेडियमची पट्टी चिकटवा. तासाभराचा प्रयोग झाल्यावर उरलेल्या वेळात सामान बाहेर काढायचंय, हे आधीच मोजा.

कोरेगाव पार्कात शनिवारी बँड ऐकून आलो की दुसऱ्या दिवशी कानात ‘सूंऽ’ असा आवाज राहतो. काळजीचं आहे का? – एक वाचक, खराडी

आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो, पण दर तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटं उरते, आणि बंद खोलीतला ड्रमसेट तिथपर्यंत सहज जातो. स्पीकरसमोर उभं राहू नका. खोलीच्या मध्यावर, मिक्सर जिथे ठेवला असेल त्याच्या आसपास आवाज सर्वांत तोलाचा असतो, कारण साउंडवाला तिथूनच ऐकत असतो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे बोटांनी बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. नुसते टेकवलेले बोळे काही अडवत नाहीत. संगीतकारांसाठीचे वेगळे बोळे घेतले तर गाणं दबतं पण बिघडत नाही. दर तासाला दहा मिनिटं बाहेर या.

सूंऽ आवाज दोन दिवसांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर सोमवारची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा, कारण त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात.