मृत्यूनंतर आपला खासगी मजकूर कोणी वाचावा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ६८ आहे. गेली अनेक वर्षे मी रोजनिशी संगणकावर लिहिते, आणि एका मैत्रिणीने तिच्या संसारातील अडचणींविषयी वेळोवेळी पाठवलेली पत्रेही माझ्या ई-मेलमध्ये आहेत. माझ्यामागे मुलांना बँकेचे आणि विम्याचे कागद व छायाचित्रे विनासायास मिळावीत, पण रोजनिशी आणि ती पत्रे कोणीही वाचू नयेत, अशी माझी इच्छा आहे. सगळे पासवर्ड एका वहीत लिहून ठेव, असे मुलगा म्हणतो. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर : वहीमुळे मुलांची सोय होईल, तुमची इच्छा मात्र पुरी होणार नाही. ई-मेलचा पासवर्ड ज्याच्या हाती येतो, त्याला विम्याची पावती शोधता शोधता मैत्रिणीची पत्रेही दिसतात. शिवाय बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचा दुवा ई-मेलवरच येत असल्याने, ते एक खाते उघडले की इतर अनेक खाती उघडता येतात. म्हणून मुलांना काय मिळावे आणि काय मिळू नये, याच्या दोन याद्या आधी करा आणि दुसऱ्या यादीतील मजकूर पहिल्या यादीतील कागदांच्या शेजारी ठेवू नका.

हे काम कायद्याच्या भरवशावर सोडू नका, असे मी आग्रहाने सांगेन. युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू असलेला माहिती-संरक्षणाचा नियम कडक म्हणून ओळखला जातो. परंतु तो मृत व्यक्तींच्या माहितीला लागू नाही, असे त्याच्या प्रास्ताविकातच म्हटले आहे आणि तो विषय सदस्य देशांवर सोपवला आहे. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा करून, आपल्या माहितीचे मृत्यूनंतर काय करावे याविषयी सूचना करून ठेवण्याचा हक्क दिला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्यातही, मृत्यूनंतर किंवा असमर्थता आल्यास आपले हक्क बजावण्यासाठी एखाद्या व्यक्तीचे नामनिर्देशन करण्याची तरतूद आहे. या सर्व तरतुदींचा उपयोग मुख्यतः त्यालाच होतो, ज्याने जिवंतपणी काही ठरवून ठेवले आहे.

ठरवण्याची साधने तुमच्या खात्यांमध्येच असतात, पण प्रत्येकाची रीत निराळी आहे. गूगलच्या ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये खाते किती काळ वापरात नसले म्हणजे पुढची कारवाई व्हावी, हे तुम्ही ठरवता, हा काळ ३ महिन्यांपासून १८ महिन्यांपर्यंत असू शकतो. त्यानंतर तुम्ही निवडलेल्या, जास्तीत जास्त १० व्यक्तींना कळवले जाते, आणि कोणाला कोणती माहिती मिळावी हेही स्वतंत्रपणे सांगता येते. म्हणजे मुलीला छायाचित्रे द्यायची आणि ई-मेल कोणालाच द्यायची नाही, अशी व्यवस्था करता येते. शेवटी खाते पुसून टाकावे, अशीही सूचना देता येते. अ‍ॅपलच्या ‘लेगसी कॉन्टॅक्ट’मध्ये, जी सोय डिसेंबर २०२१ मध्ये आली, अशी निवड नाही. तिथे पाच जणांपर्यंत नेमता येतात. त्यांच्यापैकी कोणी तुम्ही दिलेली संकेत-कळ आणि मृत्यूचा दाखला सादर केला, की आयक्लाउडमधील, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीतील, छायाचित्रे, संदेश, टिपणे आणि फायली त्यांच्यापुढे उघडतात. साठवलेले पासवर्ड आणि पैसे भरण्याची माहिती मात्र त्यांना मिळत नाही. तेव्हा रोजनिशी आयक्लाउडवर असेल आणि तुम्ही मुलाला तिथे नेमले असेल, तर ती त्याच्यासाठी खुली झाली, असेच समजा.

रोजनिशी स्वतःला अखेरपर्यंत हवी असेल, तर ती कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या, फाइलमध्ये ठेवा आणि तिचा पासवर्ड बाकीच्या पासवर्डांबरोबर लिहू नका. चांगल्या प्रतीचे कूटीकरण असेल आणि पासवर्ड लांब व अनपेक्षित असेल, तर तुमच्यामागे ती फाइल राहिली तरी तिचा मजकूर कोणाला वाचता येणार नाही. मात्र जुन्या, कुलूप न लावलेल्या प्रती नाहीशा केल्याखेरीज या सगळ्याला अर्थ नाही. संगणकावरून पुसलेली फाइल क्लाउडवर, पेनड्राइव्हवर, जुन्या फोनमध्ये किंवा आपोआप घेतल्या गेलेल्या बॅकअपमध्ये शिल्लक असते, आणि घरातली माणसे नेमकी तीच जुनी उपकरणे मागाहून चाळतात.

मैत्रिणीच्या पत्रांबाबत माझे मत अधिक स्पष्ट आहे. ती तुमच्या खात्यात असली, तरी त्यांतील गुपित तिचे आहे. तिला विचारा, हवी असल्यास तिच्या प्रती तिला द्या, आणि मग ती पत्रे कचरापेटीसह पुसून टाका. आपल्यामागे इच्छा पाळली जाईल, या विश्वासावर दुसऱ्याची लाज किंवा दुःख ठेवणे मला पटत नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नुकताच वारला. त्याच्या फोनचा पासकोड मला ठाऊक आहे. शेवटच्या दिवसांत त्याच्या मनात काय होते हे कळावे, म्हणून आईवडिलांना त्याचे सगळे संदेश वाचायचे आहेत. मी फोन उघडून द्यावा का?

उत्तर : तुमच्या आईवडिलांची ओढ स्वाभाविक आहे आणि तिला कोणी नावे ठेवू नयेत. असाच प्रश्न जर्मनीत न्यायालयापुढे आला होता. बर्लिनमध्ये २०१२ साली १५ वर्षांची एक मुलगी भुयारी रेल्वेखाली सापडून मरण पावली. तो अपघात होता की आत्महत्या, हे समजावे म्हणून आईवडिलांनी तिच्या फेसबुक खात्यातील संदेश मागितले. बर्लिनच्या वरिष्ठ न्यायालयाने संपर्काच्या गोपनीयतेचा आधार घेऊन त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. देशाच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मात्र १२ जुलै २०१८ रोजी तो फिरवला. रोजनिशी आणि पत्रे वारसांकडे जातात, तसाच खात्याचा करारही वारसांकडे जातो, असे त्या न्यायालयाने म्हटले.

तरीही, हक्क आहे म्हणून सर्व वाचलेच पाहिजे, असे होत नाही. भावाच्या मित्रांनी लिहिलेले संदेश त्याच्यासाठी होते, आणि ती माणसे जिवंत आहेत. आधी एवढे ठरवा, की फोनमधून नेमके काय हवे आहे. देणी, चालू वर्गण्या, ज्यांना निधनाची बातमी कळवायची त्यांचे क्रमांक आणि छायाचित्रे यांसाठी एकाच व्यक्तीने फोन हाताळावा आणि खासगी संभाषणे त्या वेळी उघडू नयेत. त्यानंतरही आईवडिलांना मनातली शंका सोडवत नसेल, तर तुम्ही स्वतः शेवटच्या काही दिवसांपुरते वाचा आणि त्यांना आवश्यक तेवढे सांगा. फोन घरभर फिरू देऊ नका, आणि कोणत्याही संभाषणाचे छायाचित्र काढून पुढे पाठवू नका. काही देशांत दुसऱ्याच्या नावाने खात्यात शिरणे हे कराराच्या किंवा कायद्याच्या विरुद्ध ठरते. म्हणून ऑनलाइन खात्यांसाठी त्या त्या सेवेकडे रीतसर अर्ज करणे बरे.

दुःखाच्या भरात काही पुसू नका, कारण पुसलेले परत मिळत नाही. आणि सिमकार्ड घाईने बंद करू नका. ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. बंद झालेला क्रमांक कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि त्याच्याशी जोडलेली खाती तशीच राहिली असतील, तर ती परक्याच्या हाती जाऊ शकतात. आधी खाती बंद करा किंवा स्मृतिखाती (मृताच्या आठवणीसाठी जपलेली खाती) करून घ्या, मग क्रमांक सोडा. उलट बाजूने मुदतीही लक्षात ठेवा : व्हॉट्सअ‍ॅप खाते १२० दिवस वापरात नसेल तर सामान्यतः काढून टाकले जाते, आणि दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गूगल खाते कंपनी पुसून टाकू शकते. जपायची छायाचित्रे त्याआधी उतरवून घ्या.

प्रश्न : पासवर्ड मृत्युपत्रात लिहिले तर चालतील का?

उत्तर : नाही. अनेक देशांत मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध झाल्यावर ते सार्वजनिक नोंदीत जाते, आणि पासवर्ड तर त्याआधीच अनेकदा बदललेले असतात. मृत्युपत्रात कोणाला अधिकार द्यायचा, काय जपायचे आणि काय न वाचता नष्ट करायचे, एवढेच लिहा. आपल्या संदेशांवरून किंवा आवाजावरून संगणकाच्या मदतीने बोलणारी प्रतिकृती कोणी तयार करू नये असे वाटत असेल, तर तेही तिथे स्पष्ट शब्दांत नोंदवा. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये (सर्व पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) ठेवा. काही मॅनेजरमध्ये विश्वासू व्यक्तीला ठरावीक प्रतीक्षाकाळानंतर प्रवेश देण्याची सोय असते, आणि त्या काळात तुम्ही हयात असाल तर नकार देऊ शकता.

मृत्युपत्र आणि खात्यातील सूचना यांचा मेळ मात्र घाला. अमेरिकेत २०१५ मध्ये तयार झालेल्या आणि बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या, मृतांच्या डिजिटल खात्यांविषयीच्या नमुना कायद्यानुसार सेवेच्या स्वतःच्या साधनात दिलेली सूचना पहिली मानली जाते, त्यानंतर मृत्युपत्र, आणि दोन्ही नसेल तर सेवेच्या अटी. म्हणजे पूर्वी नेमलेल्या जोडीदाराशी फारकत झाल्यावर तुम्ही नवे मृत्युपत्र केले, पण खात्यातील नाव तसेच राहू दिले, तर तिथे तेच जुने नाव चालेल. बदल करायचा असेल तेव्हा तो आधी खात्यात करा.