‘डॅनी’ कशाला? ज्ञानेशच राहू द्या

ताई, तुम्ही लिहिता, “ज्ञानेशला शाळेत कुणी धड हाक मारत नाही. आता तोच म्हणतो, डॅनी म्हणा. पुढे मोठ्या जागी जायचं तर सोपं नाव बरं ना?” आठ वर्षांच्या पोराची घालमेल कळते हो. पण लंडनमध्ये राहून हा प्रश्न?

तुमचे महापौरच बघा. सादिक खान. वडील बसचालक, आई शिवणकाम करायची, भावंडं आठ. १९९४ मध्ये लंडनमधल्याच वाँड्सवर्थचे नगरसेवक, सोबत वकिली, २००५ मध्ये टूटिंगचे खासदार, २०१६ मध्ये महापौर. मग २०२१ आणि २०२४ मध्ये पुन्हा. तिथे महापौरांना नगरसेवक निवडत नाहीत, थेट मतदार निवडतात. म्हणजे लाखो लोकांनी मतपत्रिकेवर ‘सादिक’ वाचूनच खूण केली.

सादिक म्हणजे खरा, सच्चा. त्याच अरबी धातूतला ‘सदीक’ म्हणजे मित्र. रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, कारण ऱ्हस्व-दीर्घ तिथे हरवतं. आपलंही दुखणं तेच. स्पेलिंगच्या सुरुवातीला डी-एन-वाय दिसलं की शिक्षिका अडखळणारच. ‘ज्ञ’ तिच्या कानावर कधी पडलेलाच नाही.

म्हणून सत्र सुरू होण्याआधी वर्गशिक्षिकेला दोन ओळींची ईमेल करा. नाव तोडून लिहा: द्न्या, नेश. सोबत ज्ञानेशच्याच आवाजातलं तीन सेकंदांचं रेकॉर्डिंग जोडा. सुरुवातीचा ‘द’ निसटून ‘न्यानेश’ झालं तरी चालेल, पण ‘डी-न्यानेश’ झालं तर तिथल्या तिथे हसतमुखाने दुरुस्त करायला त्याला शिकवा. आमच्या नातवंडांच्या वेळी एवढ्यानेच भागलं.

शाळेच्या फॉर्मवरच्या ‘प्रिफर्ड नेम’च्या, म्हणजे हाक मारायच्या नावाच्या, रकान्यात मात्र डॅनी लिहू नका. तेच नाव हजेरीत, वह्यांवर, प्रगतिपुस्तकात उतरतं. परीक्षेच्या प्रमाणपत्रावर सहसा कायदेशीर नाव येतं, आणि मग दोन नावं एकाच मुलाची आहेत हे सिद्ध करत बसायचं. डीड पोलने, म्हणजे नाव बदलण्याच्या कायदेशीर दस्तऐवजाने, कायमचं बदलाल तर पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) दोन्ही नव्याने करावे लागतील. एवढा खटाटोप एका जोडाक्षरापायी? नाही, ताई.

रविवारच्या मराठी वर्गाचं पुढच्या वेळी बोलू. आज रात्री त्याला जवळ बसवून ज्ञानेश म्हणजे काय ते सांगा. तुमच्या पत्रात त्या अर्थाचा उल्लेखच नाही.