फळमाशीच्या डोक्यावर पाय कसे उगवतात? आणि एखाद्या म्युटेशनचा, म्हणजे जनुकातल्या बदलाचा, परिणाम ठरलेलाच असतो का?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. डोक्यावर पाय आणणाऱ्या अँटेनापीडिया या म्युटेशनमध्ये 'पायाचं जनुक' बिघडत नाही. मधल्या धडात चालू असायचं जनुक डोक्यातही चालू होतं आणि शृंगिकांच्या जागच्या पेशी इमानेइतबारे पाय घडवतात. उलट अल्ट्राबायथोरॅक्स हे जनुक हव्या त्या जागी बंद पडलं, की संतुलकांऐवजी (पंखांमागच्या, तोल सांभाळणाऱ्या छोट्या अवयवांऐवजी) पंखांची दुसरी जोडी येते. एडवर्ड लुईस यांनी आयुष्यभर हेच खोदलं, १९९५च्या नोबेलात त्यांचा वाटा होता.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंच आहे. ठरलेलं वगैरे काही नसतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला माझ्याकडे कर्ली होता, म्हणजे पंख वर वाकवणारा. प्रबळ म्युटेशन, एक प्रत पुरते. दोन आल्या तर माशी जगतच नाही. कर्ली नर आणि साध्या माद्या असा क्रॉस (संकर) लावला की निम्म्या माशा वाकड्या पंखांच्या यायला हव्यात. इन्क्युबेटर भरलेला, म्हणून व्हायल्स (माशांच्या छोट्या बाटल्या) १८ अंशांच्या खोलीत ठेवल्या. २५ अंशांना दहा दिवसांत उरकणारं काम तिथे वीसेक दिवस रेंगाळलं. भूल दिलेल्या माशा कुंचल्याने सरकवत मोजल्या, तर ९४ पैकी ११ वाकड्या. त्यातही काहींची फक्त पंखांची टोकं उचललेली. बाकीच्यांचे पंख पाठीवर सपाट मिटलेले.

गाइडांनी मायक्रोस्कोपला डोळासुद्धा लावला नाही. "माद्या व्हर्जिन नव्हत्या. सगळं स्पिरिटात ओत." म्हणजे माद्यांचा आधीच साध्या नरांशी संग झाला होता आणि सरळ पंखांची प्रजा त्यांचीच, असं त्यांचं म्हणणं.

दोन व्हायल्स मी लपवल्या. त्यातले सरळ पंखांचे सहा नर घेतले, एकेकाला खात्रीची व्हर्जिन मादी दिली आणि २५ अंशांना ठेवले. तिघांची निम्मी प्रजा वाकड्या पंखांची! म्हणजे बाप कर्लीच होते, थंडीने लक्षण दाबलं होतं. वेस्टिजियल या दुसऱ्या म्युटेशनचे खुरटे पंखही चांगल्या उष्णतेत वाढवले तर लांब होतात.

अर्थात पांढऱ्या डोळ्यांची माशी थंडीत लाल डोळ्यांची होत नाही, तेव्हा प्रत्येक गडबड तापमानावर ढकलू नका. माद्या वेचण्यातली चूक जास्त वेळा होते, हेही कबूल. पण कोणी 'भेसळ' म्हणालं तर आधी असे नर लावून बघा, मग भांडा.

त्या तीन व्हायल्स टेबलावर ठेवल्या तेव्हा गाइड एवढंच म्हणाले, "लेबलवर तापमान कुठंय?"

नव्हतं लिहिलेलं.