वही परत मागून घ्या

प्रश्न : माझं वय ५९. नऊ महिन्यांपूर्वी मिस्टर रिटायर झाले. स्वभावाने चांगले आहेत, पण दिवसभर घरातच. घरखर्चाची वही, बँक, बिलं आता तेच बघतात. म्हणतात, ‘तू आयुष्यभर केलंस, आता आराम कर.’ हल्ली मला साधे शब्द आठवत नाहीत. अकरा वाजता शब्दकोडं घेऊन बसते, हे विचारतात, ‘माझा चष्मा पाहिलास?’ शोधून देऊन परत येते, तर कुठला शब्द सोडवत होते तेच आठवत नाही. आईला शेवटी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता. मलाही तेच सुरू झालंय का?

उत्तर : ताई, मी डॉक्टर नाही, म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊन याच. थायरॉइड, बी-१२, रक्तदाब, साखर, झोप आणि कान, सगळं तपासा. कानांना हसू नका. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ गोष्टींची यादी दिली, त्यात ऐकू कमी येणं आहे, नैराश्य आहे, माणसांपासून तुटणंही आहे. आईचं सांगा, त्याने धोका थोडा वाढतो, पण ठरलेलं काही नसतं. ओळखीचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं असं घरच्यांना दिसत असेल, तर मात्र थांबू नका.

आता चष्मा. ‘आडवा सात’ डोक्यात नीट बसायच्या आतच तुम्हाला उठवलं गेलं. जे बसलंच नाही ते आठवणार कुठून? दिवसातून वीसदा असं झालं की धड चालणारं डोकंही गंजल्यासारखं वाटतं. नवरा रिटायर झाला की बायको आजारी पडते, हे जपानमध्ये डॉ. नोबुओ कुरोकावा यांनी १९९१ मध्येच मांडलं होतं. तेव्हा तुम्ही एकट्या नाही.

मला मात्र चष्म्यापेक्षा ती वही जास्त खटकते. कुठलं बिल कधी भरायचं, कोणाकडून किती यायचंय, कुठे हात आखडायचा, हे इतकी वर्षं तुमच्या डोक्यात चालत होतं. मिस्टरांनी प्रेमाने तेच काढून घेतलं. सूझन रोह्वेडर आणि रॉबर्ट विलिस या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या देशांची तुलना केली, तेव्हा जिथे लोक लवकर निवृत्त होतात तिथे साठीच्या सुरुवातीलाच त्यांची स्मरणशक्ती कमी भरली. ते नोकरी सोडणाऱ्यांबद्दल होतं. पण तुमची वही ही नोकरीच होती की! मिस्टरांबरोबर तुम्हीही रिटायर झालात, फक्त तुम्हाला कोणी विचारलं नाही.

तेव्हा वही परत मागा. भांडून नको. ‘मला कष्ट होत नाहीत, डोकं चालतं त्याने’ एवढंच सांगा. बँकेचं त्यांच्याकडे राहू द्या, माणसाला काहीतरी हवंच. त्यांचंही घड्याळ बंद पडलंय, सकाळी घराबाहेरचं एखादं काम त्यांना नेमून द्या. आणि अकरा ते बारा दार लावून बसा. त्या तासात चष्मा हरवला, तर बाराला शोधायचा. बहुतेक वेळा तो कपाळावरच असतो.